जीन पाडण्यापूर्वी

आळंदला आमच्या घरापासून दहा मिनिटांच्या चालीवर कापसाचे एक जुने जीन होते. ‘होते’ असेच आता म्हणावयाचे, कारण गेल्या माघात ते पाडले गेले आणि त्या जागेवर घरांसाठी भूखंड आखले गेले. पाडण्यापूर्वी मालकांच्या परवानगीने आम्ही दोन दिवस आत हिंडून छायाचित्रे काढली. त्या दोन दिवसांची ही हकिगत.

‘आम्ही’ म्हणजे मी आणि हैदराबादेत शिकणारा माझा पुतण्या. त्याला छायाचित्रणाचा नाद आहे. पहिल्या दिवशी सूर्य वर येताच आम्ही आत शिरलो. पत्र्यांना पडलेल्या भोकांतून उन्हाचे कवडसे तिरपे उतरले होते. भिंतीतून पिंपळ फुटला होता. पारव्यांची एकच फडफड झाली. यंत्रे बहुतेक विकली गेली होती. एकच सांगाडा कोपऱ्यात उरला होता आणि त्याच्या ओतीव अंगावर ओल्डहॅमच्या प्लॅट ब्रदर्सचे नाव अजून वाचता येत होते. दुपारपर्यंत पुतण्याने दोनशेच्या वर छायाचित्रे टिपली. खरोखर देखणी होती ती.

संध्याकाळी त्याने ती आत्याला दाखविली. आत्या माझ्या वडिलांची धाकटी बहीण. तिने ऐंशी ओलांडली आहे. याच जिनात तिने अकरा हंगाम काढले. आमच्या घरात ही गोष्ट फारशी बोलली जात नसे. पुढे दिवस पालटले आणि जिनातल्या मजुरीचा उल्लेख मागे पडला. आत्याने एकेक चित्र डोळ्यांजवळ नेऊन पाहिले आणि विचारले, “छान आहेत रे लेकरा. पण हे कुठलं?”

पुतण्या वरमला. मलाही काही सुचेना. जिथे तिने अकरा हंगाम घालविले, ती जागा आमच्या दोनशे चित्रांत तिला सापडली नव्हती.

दुसऱ्या दिवशी तिला रिक्षाने घेऊन गेलो. प्रथम ती दारातच थांबली, पदर नाकाला लावून. धूळ तर केव्हाच बसली होती. सवय मात्र उठली नव्हती. मग आत येऊन काठीने जमीन दाखवीत तिने सांगावयास सुरुवात केली, आणि रिकामी लांबलचक खोली हळूहळू भरू लागली. इकडे एक ओळ, तिकडे एक ओळ, मध्ये चिंचोळी वाट. बायांनी कपाशीचा ढीग मागे घेऊन उभे राहावयाचे आणि मूठमूठ जिनात सोडावयाची. चामड्याचे दोन रूळ फिरत, ते तंतू ओढून घेत. पाते हलून सरकी मोकळी करी. रुई पुढे पडे, सरकी खालच्या जाळीतून तळघरात. वर छताजवळ एकच लांब दांडा फिरे आणि पट्ट्यांनी सगळी जिने चालवी. भिंतीतल्या खुंट्या आम्ही कपड्यांच्या समजलो होतो. त्या आगीसाठी भरून ठेवलेल्या वाळूच्या बादल्यांच्या निघाल्या. रुईला ठिणगी पुरते. विडीसह आत येणाऱ्याला हाकलून देत.

एका खांबावर काळ्या रंगात एक खूण होती. पुतण्याने आदल्या दिवशी तिचे चित्र घेतले होते. त्याला तो खाली रोखलेला बाण वाटला होता. आत्या हसली. “बाण कसला, हे माझं शिंगाचं जीन.” तो उर्दूतला सातचा आकडा होता. हैदराबाद संस्थानाची राजभाषा उर्दू. जिनांचे क्रमांकही त्याच लिपीत घातलेले. आत्या कामावर लागली ती १९५६ साली, ज्या वर्षी नोव्हेंबरात आमचा गुलबर्गा जिल्हा म्हैसूर राज्यात गेला. सरकार बदलले, आकडे बदलले नाहीत. वाचता कोणालाच येत नसे. म्हणून बायांनी आकड्यांना नावे ठेवली होती: सात ते शिंगाचे, आठ ते छपराचे. मराठी, कानडी, उर्दू बोलणाऱ्या सगळ्याजणी तीच नावे घेत. भाषांच्या सीमेवर राहणाऱ्या आपल्यासारख्यांनी हे नोंदवून ठेवण्याजोगे आहे.

धुळीविषयी ती थोडेच बोलली. बाजाराच्या सुट्टीनंतर पहिल्या दिवशी छाती हमखास भरून येई, मग दोन-तीन दिवसांत सैल होई. डॉक्टरी पुस्तकांत हेच वर्णन आहे. कापसाच्या धुळीने होणाऱ्या या विकाराला बिसिनोसिस म्हणतात, आणि सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवशी त्रास बळावणे ही त्याची ओळखीची खूण. १८८४-८५ सालच्या मुंबईच्या फॅक्टरी कमिशनपुढे खानदेशातील जिनांत बाया पहाटेपासून रात्रीपर्यंत राबत असल्याच्या साक्षी झाल्या होत्या. त्या बायांची चित्रे कोणी काढली असतील, असे वाटत नाही.

मोठ्या गिरण्यांचे तरी काय वेगळे? आमच्या भागातून पोटासाठी माणसे कलबुर्गीला आणि सोलापूरला जात. कलबुर्गीची महबूबशाही गिरणी १९७४ च्या कायद्याने सरकारच्या ताब्यात गेली, पुढे बंद पडली, आता ‘एम. एस. के. मिल’ हे एका वस्तीचे नाव म्हणून लोकांच्या तोंडी आहे. सोलापूरची जुनी गिरणी मोरारजी गोकुळदासांनी काढली आणि १८७७ साली ती चालू झाली. १९४९ च्या ऑगस्टात ती बंद केली गेली, जानेवारी १९५० मध्ये सरकारने वटहुकूम काढून ताब्यात घेतली, आणि त्यावरचे खटले सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. १९५० आणि १९५३ सालचे ते निकाल कायद्याचे विद्यार्थी आजही अभ्यासतात. त्यांत भागधारक आहेत, संचालक आहेत, सरकार आहे. मागावर उभे राहणारे मात्र ‘कामगार’ एवढ्या एका शब्दात आटोपतात.

जर्मनीत बेर्न्ड आणि हिला बेखर या दांपत्याने १९५९ पासून कोळशाच्या खाणी, पाण्याच्या टाक्या, भट्ट्या यांची छायाचित्रे घेतली. समोरून, ढगाळ उजेडात, सावल्यांची नक्षी टाळून; म्हणजे आमच्या पहिल्या दिवसाच्या अगदी उलट. डॉर्टमुंडच्या त्सोलर्न खाणीचा यंत्रकक्ष पाडण्याचे घाटत असता तो वाचविण्याच्या खटपटीत त्यांचाही हात होता. १९६९ मध्ये त्याला संरक्षण मिळाले. मात्र त्यांच्या चित्रांत माणूस नसतो, आणि हे मला पटत नाही. अहमदाबादच्या बंद गिरण्यांवर यान ब्रेमन यांनी लिहिले, पार्थिव शाह यांनी छायाचित्रे दिली, ते पुस्तक त्या दृष्टीने मला अधिक जवळचे वाटते. इंदूरच्या वाचकांना हुकुमचंद मिलविषयी मी काय सांगावे? ती बंद पडून तीस वर्षे लोटल्यावर २०२३ च्या डिसेंबरात कामगारांच्या थकलेल्या पैशांचे वाटप सुरू झाले. ज्यांच्या घरी त्या गिरणीत राबलेले कोणी अजून आहे, त्यांनी एकदा त्यांच्याजवळ बसून विचारावे.

आम्ही त्या दिवशी पुन्हा चित्रे काढली, साठ-सत्तरच. समोरून, सरळ. आत्या ज्या जागी उभी राही तेथे ती उभी राहिली. मग शेजारच्या जागी, मग त्यापुढच्या. प्रत्येक ठिकाणी कोण होती ते ती सांगे आणि मी वहीत उतरून घेई. आठ दिवसांनी यंत्र आले आणि दीड दिवसात भिंती उतरल्या. उरलेला सांगाडा भंगारवाल्याने किलोवर नेला.

छायाचित्रे आता छापून आली आहेत. प्रत्येकाखाली नाव घातले आहे. शिंगाच्या उजवीकडची, सहा क्रमांकाची बाई कोण, हे मात्र आत्याला आठवत नाही. ती उंच होती, काम करताना गात असे, एवढेच ती सांगते. त्या चित्राखालची जागा कोरी ठेवली आहे.