हवेचा डबा उघडतं कोण?

एक मोठ्ठा श्वास घे बघू! काय गेलं आत? ऑक्सिजन? तो तर थोडासाच! हवेत 78 टक्के असतो नायट्रोजन!

हा नायट्रोजन भाताच्या रोपाला हवाच असतो. तो मिळाला की पानं कशी हिरवीगार होतात. आणि हवेत तर तो हवा तेवढा आहे. मग रोपानं खुशाल खावा की! पण गंमत म्हणजे, हवेतला नायट्रोजन त्याला खाताच येत नाही!

मधल्या सुट्टीत तुझ्या स्टीलच्या डब्याचं झाकण कधी घट्ट बसलंय? आत बटाट्याची भाजी, पोटात कावळे ओरडताहेत आणि झाकण काही निघत नाही! रोपाचं अगदी तस्संच होतं. नायट्रोजनचे दोन-दोन अणू एकमेकांना गच्च धरून बसतात. त्यांना सोडवायची ताकद रोपात नसते.

मग झाकण उघडतं कोण? ओळख!

अझोला! पाण्यावर तरंगणारा इवलासा नेचा. इतका छोटा, की तुझ्या अंगठ्याच्या नखावर आख्खं झाड मावेल! पण खरं सांगू? झाकण तोही उघडत नाही. त्याच्या पानांत पोकळ्या असतात आणि तिथे सूक्ष्मजीव भाडेकरू म्हणून राहतात. त्यांचं नाव ॲनाबिना. सूक्ष्मदर्शकातून पाहिलं तर मण्यांची माळच! माळेत अधूनमधून एक फुगीर मणी असतो, जाड भिंतीचा. झाकण उघडतो तो फक्त हाच! भिंत जाड कशाला? ऑक्सिजन आत शिरला तर सगळं काम बिघडतं ना, म्हणून!

आणि हे ऐक! अझोलाचं बाळ जन्मतं तेच थोडे ॲनाबिना सोबत घेऊन. भाडेकरू शोधायची भानगडच नाही!

अझोला वाढतोही भराभर. तुकडा मोडला की त्याचं नवं झाड! पाणी आणि ऊन मानवलं तर आठवड्याच्या आत दुप्पट होतो. बघता बघता खाचरावर हिरवा थर पसरतो. खालच्या तणाला ऊनच मिळत नाही, बिचारं!

पण थांब, भाताला अजून फारसं काही मिळालेलंच नाही! जिवंत अझोला आपलं जेवण सहसा वाटत नाही. शेतकरी त्याला चिखलात गाडतात, तो कुजतो, आणि मग कुठे नायट्रोजन मुळांपाशी पोचतो. डबा उघडला एकाने, सांभाळला दुसऱ्याने आणि जेवलं तिसरंच!

उत्तर व्हिएतनाममध्ये शेतकरी हे पिढ्यान्‌पिढ्या करायचे. अझोलाला कडक उन्हाळा सोसत नाही. मग पुढच्या हंगामापर्यंत तो जगवायचा कसा? ही युक्ती पूर्वी काही गावांतल्या मोजक्याच घरांना ठाऊक होती. ते ती कुणालाच सांगत नसत! हंगाम आला की बाकीच्यांना अझोला विकत मात्र असत. हुशारच की नाही?

आपल्याकडे ओडिशातल्या कटकच्या भात संशोधन संस्थेत अझोलावर बरंच काम झालंय. महाराष्ट्रात तो प्लॅस्टिक अंथरलेल्या खड्ड्यांत वाढवून गाईम्हशींना आणि कोंबड्यांनाही खायला घालतात. असा खड्डा दिसला तर मालकांना विचारून ओंजळभर अझोला घे आणि रंग बघ. फार ऊन किंवा थंडी लागली असेल, तर हा हिरवा गडी चक्क लालबुंद झालेला असतो!