पिंगळा की रानपिंगळा?

भिवंडीत राहणाऱ्या माणसाला पक्षी म्हटले की कावळा, चिमणी आणि पारवा एवढेच आठवतात. यंत्रमागांच्या खडखडाटात दुसरे कोण फिरकणार, असे आपल्याला वाटते. पण एखाद्या सकाळी वऱ्हाळदेवी तलावाच्या काठी किंवा कामवारी नदीच्या कडेला अर्धा तास उभे राहून पाहा. पांढरे पक्षी दिसतील. आपण त्या सगळ्यांना बगळा म्हणून मोकळे होतो. पण ते तीन-चार निरनिराळे पक्षी असू शकतात.

गुरांच्या पायांत घोटाळणारा, पिवळ्या चोचीचा तो गायबगळा. चोच काळी, पाय काळे आणि पावले मात्र पिवळी, जणू मोजे घातलेले, तो लहान बगळा. मोठा बगळा उंच आणि लांब मानेचा. त्याची चोच एरवी पिवळी असते, पण विणीच्या हंगामात काळी होते. म्हणून नुसत्या रंगावर विसंबू नये. त्याच्या जिवणीची रेघ डोळ्याच्या मागेपर्यंत जाते. मध्यम बगळ्याची रेघ डोळ्याखालीच थांबते. ऋतू बदलला तरी ही खूण बदलत नाही. पक्षी ओळखताना अशीच खूण शोधायची असते.

एवढी बारकाई कशाला, असे कुणी विचारील. त्याचे उत्तर आपल्याच महाराष्ट्रात आहे.

तिन्हीसांजेला जुन्या झाडाच्या ढोलीतून बाहेर येऊन कलकलाट करणारा पिंगळा आपल्या ओळखीचा. त्याचा एक भाऊबंद आहे, रानपिंगळा. काहीजण त्याला वनपिंगळा म्हणतात. ह्यूम या इंग्रज पक्षितज्ज्ञाने 1873 साली त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. पुढे जेम्स डेव्हिडसन या अधिकाऱ्याने खानदेशात त्याचे काही नमुने मिळवले. 1884 नंतर मात्र तो कुणाला सापडेना. जगभरच्या संग्रहालयांत मिळून अवघे सात नमुने उरले होते.

शोध भरकटला तो एका लबाडीमुळे. रिचर्ड माइनर्ट्झहागेन या इंग्रज लष्करी अधिकाऱ्याने 1914 साली गुजरातेत हा पक्षी मिळवल्याचा दावा केला होता. प्रत्यक्षात तो डेव्हिडसनचाच जुना नमुना होता. संग्रहालयातून चोरून त्यावर नवी चिठ्ठी लावलेली. पामेला रासमुसेन यांनी जुने नमुने बारकाईने तपासले, ती खोटी नोंद बाजूला ठेवली आणि खऱ्या ठिकाणी शोध घेतला. नोव्हेंबर 1997 मध्ये शहाद्याजवळच्या जंगलात त्यांना आणि त्यांच्या सोबत्यांना रानपिंगळा दिसला. तब्बल 113 वर्षांनी!

तो रानपिंगळाच हे कशावरून ठरले? खुणांवरून. साध्या पिंगळ्याच्या डोक्यावर आणि पाठीवर पांढरे ठिपके ठळक असतात. रानपिंगळ्याचे डोके आणि पाठ जवळजवळ साधी तपकिरी. छाती मधोमध तपकिरी, पोट पांढरेशुभ्र. पंखांवर आणि शेपटीवर रुंद पांढरे पट्टे. पाय दणकट आणि पिसांनी भरलेले. शिवाय तो दिवसाउजेडी शिकार करतो. जंगलात आणखी एक पिंगळा असतो. त्याच्या डोक्यापासून पोटापर्यंत बारीक आडवे पट्टे असतात. त्यामुळे गफलत सहज होते.

ही गोष्ट केवळ सातपुड्याची नाही. 2014 साली हा पक्षी आपल्या शहापूरकडच्या तानसा अभयारण्यात आढळला. मुंबईला पाणी देणाऱ्या त्या रानात तोवर कुणाच्या ध्यानीमनी नव्हते. रानपिंगळ्याला घरट्यासाठी ढोलीची जुनी झाडे लागतात. ती तुटली की त्याचे घर गेले. एखाद्या रानात तो आहे याची खरी नोंद झाली, तर ते रान राखा असे सांगायला आधार मिळतो. उलट साध्या पिंगळ्याला रानपिंगळा ठरवले, तर पुढच्या खऱ्या नोंदीवरही कुणी विश्वास ठेवत नाही.

तेव्हा पक्षी दिसला की नाव सांगायची घाई करू नका. डोके, पाठ, छाती, पोट, शेपटी या क्रमाने पाहा आणि जे दिसले तेवढेच वहीत टिपा. जागा, तारीख, वेळ लिहा. घरट्याजवळ मात्र जाऊ नका. आणि खात्री नसेल तर नुसते ‘पिंगळा’ लिहा, पुढे प्रश्नचिन्ह टाका. त्यात कमीपणा काहीच नाही.