ताप कधीपासून आणि किती दिवस?

मुलाच्या रजेच्या अर्जात ‘माय सन हॅज फीवर सिन्स थ्री डेज’ असं वाक्य हमखास येतं. चूक स्वाभाविक आहे. मराठीत ‘सोमवारपासून ताप आहे’ आणि ‘तीन दिवसांपासून ताप आहे’ या दोन्ही वाक्यांत ‘पासून’च येतं. इंग्रजीत मात्र इथे दोन वेगळे शब्द लागतात. सिन्सपुढे सुरुवातीचा क्षण येतो: मंडे, २०१५, मॉर्निंग. फॉरपुढे कालावधी येतो: थ्री डेज, टेन इयर्स. ‘सिन्स लास्ट टू इयर्स’ आपल्याकडे सर्रास ऐकू येतं, पण दोन वर्षं हा कालावधी आहे, म्हणून तिथे ‘फॉर द लास्ट टू इयर्स’ हवं.

दुसरी अडचण क्रियापदाची. मराठीत ताप ‘आहे’, म्हणजे साधा वर्तमानकाळ पुरतो. इंग्रजीत पूर्वी सुरू होऊन आजही चालू असलेल्या गोष्टीला पूर्ण वर्तमानकाळ लागतो. त्यामुळे अर्जातलं नीट वाक्य होतं ‘माय सन हॅज हॅड अ फीवर फॉर थ्री डेज’. ‘हॅज हॅड’ पाहून बिचकू नये. पहिलं साहाय्यक क्रियापद आहे, दुसरं मुख्य.

फॉर साध्या भूतकाळातही चालतो, पण अर्थ पालटतो. ‘आय वर्क्ड देअर फॉर थ्री इयर्स’ म्हटलं, की ती नोकरी संपलेली असते. ‘आय हॅव वर्क्ड हिअर फॉर थ्री इयर्स’ म्हणणारा अजून तिथेच असतो. मुलाखतीत हा फरक फार महत्त्वाचा ठरतो.

सिन्सचा ‘कारण’ असाही अर्थ होतो, आणि तिथे काळाचं हे बंधन उरत नाही.