चिपाडाची माती

एप्रिलमधल्या एका रात्री साडेनऊच्या सुमाराला मी मुलुंड स्टेशनाजवळच्या रसवंतीसमोर दोन रिकाम्या गोण्या घेऊन उभी होते. घुंगरांची छुमछुम थांबली होती, चरक धुऊन झाला होता आणि दिवसभराची चिपाडं कोपऱ्यात ढिगानं पडली होती. "न्या की," मालक म्हणाले, "पण ताई, गाय कुठं बांधलीय?" गाय नाही, तिसऱ्या मजल्यावर वांगी लावायची आहेत, असं सांगितल्यावर त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांचं गाव पुरंदर तालुक्यातलं, घरची शेती. वांग्याला माती लागते, चिपाड नव्हे, एवढं बोलून दाखवायचं त्यांनी टाळलं.

चिपाडाची युक्ती माझी नाही. मुंबईत गच्चीवरच्या शेतीचं नाव निघालं की जुनी माणसं डॉ. आर. टी. दोशींपाशी येऊन थांबतात. वांद्र्याच्या आपल्या गच्चीवर त्यांनी प्लॅस्टिकच्या उंच पिशव्यांत आणि पिंपांत उसाची चिपाडं ठासली, वर थोडं खत, थोडीशी माती घातली आणि त्यात भाज्या, फळझाडं वाढवली. चिपाड पाणी धरतं, हळूहळू कुजतं, फुकट मिळतं, आणि मुख्य म्हणजे हलकं असतं. शहरातल्या बागेबद्दल आपण बी, ऊन, पाणी यांवर तासन्‌तास बोलतो. वजनावर कुणी बोलत नाही. ओली माती घनमीटरला दीड टनाच्या वर भरते. म्हणजे गच्चीवर नुसता वीतभर थर अंथरला तरी चौरस मीटरला ३०० किलो. आणि माणसांच्या वापरातल्या गच्चीचा स्लॅब भारतीय मानकाप्रमाणे चौरस मीटरला साधारण १५० किलो भार धरून आखतात. उपनगरांतल्या चाळीस-पन्नास वर्षांच्या इमारतींच्या स्लॅबांची आज काय अवस्था आहे, ते तर आपल्याला बेडरूमच्या छतावरूनच दिसतं. त्यामुळे गावाकडची माती ट्रकनं आणून वर चढवायची हा मार्ग इथे बंदच. मुंबईत बाग करायची तर माती घरी बनवायची. बाकी सगळं शिकणं त्याच्या मागून येतं.

दोशींनंतरचं ठळक नाव प्रीती पाटील यांचं. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या मध्यवर्ती स्वयंपाकघराचं काम त्यांच्याकडे होतं. रोजचं निवडलेल्या भाजीचं डेख आणि सालं फेकण्याऐवजी वरच्या गच्चीवर जिरवावीत, म्हणून २००२ च्या आसपास त्यांनी सुरुवात केली आणि गोदीतल्या त्या गच्चीवर फळझाडांसकट बाग उभी राहिली. पुढे 'अर्बन लीव्हज' या नावानं त्यांनी लोकांना शिकवायला घेतलं. त्यांची पद्धत 'अमृत मिट्टी'ची, म्हणजे मध्य प्रदेशात नर्मदाकाठी बजवाडा इथे शेती करणाऱ्या दीपक सचदे यांची. सचदे स्वतःला ज्यांचे शिष्य म्हणवत ते श्रीपाद दाभोळकर कोल्हापूरचे, गणिताचे प्राध्यापक. 'प्रयोग परिवार' ही कल्पना त्यांची. तासगावच्या द्राक्षवाल्यांनी एकत्र बसून वेल वाचायला शिकावं, आपापले प्रयोग एकमेकांना सांगावेत, ही त्यांची शाळा. दहा गुंठ्यांत पाच माणसांचं कुटुंब नीट जगू शकतं, हा त्यांचा हिशेब. मुंबईत दहा गुंठे म्हटलं की बिल्डर आठवतो, पण त्या हिशेबाच्या मुळाशी असलेली मोजमापाची सवय, म्हणजे किती ऊन, किती पान, किती मूळ, ती मात्र खिडकीच्या ग्रिलमध्येही लागू पडते.

अमृत मिट्टीला आधी अमृतजल लागतं. दहा लिटर पाणी, एक किलो ताजं शेण, एक लिटर गोमूत्र, पन्नास ग्रॅम काळा गूळ. तीन दिवस, दिवसातून तीनदा, बारा वेळा सुलट नि बारा वेळा उलट ढवळायचं. चौथ्या दिवशी त्यात दहापट पाणी. मग वाळका पालापाचोळा या पाण्यात दिवसभर भिजवून थरावर थर रचायचे, मध्ये मूठमूठ माती भुरभुरवायची, महिनाभर दर आठवड्याला ढीग उलटापालटा करायचा. नंतर त्यात मेथी, मूग, मोहरी, झेंडू, जे हाताला लागेल ते पेरायचं आणि एकविसाव्या, बेचाळिसाव्या, त्रेसष्टाव्या दिवशी छाटून, सुकवून पुन्हा त्यातच मिसळायचं. सगळं मिळून साडेचार महिने. ढवळण्याची दिशा आणि आकडा यांत मला फारसं तथ्य वाटत नाही, हवा आत जावी म्हणून ढवळायचं एवढंच. पण बारा मोजल्याशिवाय आपण मधेच सोडून देतो, हेही खरं.

तर रसवंतीवाल्याचा प्रश्न शेवटी बरोबरच निघाला. गाय लागत होती. आमच्या भागात तबेले उरलेत ते बहुतेक म्हशींचे. मग देवळाबाहेर चाऱ्याच्या पेंढ्या घेऊन गाईशेजारी बसणाऱ्या मावशींना विचारलं. त्यांनी पिशवीत शेण दिलं, दक्षिणा घेतली, आणि गोमूत्रासाठी पहाटे पाचला ये म्हणाल्या. बादली ड्राय बाल्कनीत ठेवली. दुसऱ्या दिवशी दारातूनच वास ओळखून सासूबाई म्हणाल्या, "अगो, शेणापासून सुटायला म्हणून आम्ही मुंबईत आलो!"

सासूबाई संगमेश्वरकडच्या. त्यांच्या माहेरच्या परसदारी न्हाणीचं पाणी अळवात जायचं, भांड्यांचं केळीला, राख भोपळ्याच्या आळ्यात, पाचोळा काजूच्या बुंध्याशी. कुणी त्याला शाश्वत वगैरे म्हणालं नाही. आपण आज शनिवारी-रविवारी पैसे भरून जे शिकतो ते उपनगरांतल्या निम्म्या मराठी घरांत दोन पिढ्यांपूर्वी पडून होतं. फ्लॅटमध्ये न्हाणीचं पाणी पाइपातून थेट खाली गेलं आणि विद्या त्याच्याबरोबर वाहून गेली.

उपनगरांचंही तसंच. साष्टीच्या बेटावर आगरी, कोळी, ईस्ट इंडियन, वारली यांची भातशेती होती, मिठागरं होती, वाड्या होत्या. बोरिवलीची चिकूवाडी आता टॉवरांचा पत्ता आहे, मुलुंडचा मिठागर रस्ता रिक्षावाल्याला सांगायची खूण. जाऊ दे, नावांची ही रडगाणी दिवाळी अंकांत पुष्कळ छापून झाली आहेत. मला जास्त कुतूहल आहे ते जे अजून चालू आहे त्याचं. आरे दुग्ध वसाहत १९४९ मध्ये झाली, त्याआधीपासून तिथे असलेल्या पाड्यांत आणि राष्ट्रीय उद्यानातल्या पाड्यांत पावसाळी भाज्या पिकतात, रानभाज्या खुडल्या जातात. जून लागला की बोरिवली-मुलुंडला स्टेशनाबाहेर शेवळं, टाकळा, फोडशी, करटोली, भारंगी घेऊन बायका बसतात. शेवळं चिंच-कोकमाशिवाय केली तर घसा खाजतो, हे त्या गिऱ्हाइकाला दमात घेऊन सांगतात. हाही शिकवणीचाच वर्ग, फी पंचवीस-तीस रुपये जुडी. समुद्राच्या वाळूत आठवडाभरात येणारी बारीक मेथी ही तर खास मुंबईची चीज. हल्ली बशीत उगवलेले कोंब प्लॅस्टिकच्या डबीतून महाग विकतात, तेव्हा मला ती समुद्रमेथीची बोटभर जुडी आठवते. रेल्वे रुळांलगतचे पालक-माठाचे वाफेही याच गोतावळ्यातले. कर्मचाऱ्यांना जमीन कसायला देऊन अतिक्रमण रोखायचं ही रेल्वेची जुनी युक्ती होती. तिथल्या नाल्याच्या पाण्याबद्दल मात्र बोलावं तितकं थोडं.

घराघरांत पिकवा, हा सरकारी आग्रहही नवा नाही. दुसऱ्या महायुद्धात 'अधिक धान्य पिकवा'ची मोहीम निघाली. १९६५ मध्ये लालबहादूर शास्त्रींनी सोमवारी रात्रीचं जेवण सोडायला सांगितलं तेव्हा अंगणात धान्य-भाजी लावा असंही आवाहन होतं. टंचाई सरली की अशा मोहिमा सरतात. सोव्हिएत संघ कोसळल्यावर तेल आणि खत तुटलेल्या हवानानं १९९० नंतर शहरातल्या मोकळ्या प्लॉटांवर कंपोस्टचे वाफे घालून भाजी पिकवली आणि ती टिकवली, त्याचे दाखले आपल्याकडच्या प्रत्येक कार्यशाळेत देतात. हवानाला मोकळे प्लॉट होते, हे सांगायचं राहून जातं.

मुंबईला प्लॉट नाहीत, कचरा आहे. जानेवारी २०१६ मध्ये देवनारचं डम्पिंग ग्राउंड पेटलं आणि घाटकोपरपर्यंतच्या लोकांनी खिडक्या लावून घेतल्या. आमचं मुलुंडचं डम्पिंग २०१८ मध्ये बंद झालं. त्याआधी संध्याकाळचा वारा फिरला की जेवणाची चव जायची. महापालिकेनं २ ऑक्टोबर २०१७ पासून, २० हजार चौरस मीटरपेक्षा मोठ्या किंवा दिवसाला १०० किलोहून अधिक कचरा काढणाऱ्या सोसायट्यांनी ओला कचरा आवारातच जिरवावा असा नियम लावला. बागेच्या दृष्टीनं ही खरी वळणाची तारीख. कारण त्यानंतर अंधेरी-बोरिवलीच्या मोठ्या संकुलांत कंपोस्टचे खड्डे, पिंपं, यंत्रं आली आणि तयार खताचं करायचं काय, असा प्रश्न पडला. स्त्री मुक्ती संघटनेनं त्याच्या कितीतरी आधी, 'परिसर विकास'मधून, कचरा वेचणाऱ्या बायकांना खत करायला आणि भाभा अणुसंशोधन केंद्राच्या डॉ. शरद काळे यांच्या 'निसर्गऋण' पद्धतीचा बायोगॅस चालवायला शिकवलं होतं. या शहरातल्या मातीच्या सर्वांत अनुभवी शिक्षिका त्याच. सोसायटीच्या बैठकीत त्यांना खुर्ची मिळत नाही ती गोष्ट वेगळी.

यंत्रांबद्दल एक सांगायला हवं. चोवीस तासांत खत देतो म्हणणारं यंत्र बहुतेक वेळा अन्न तापवून सुकवतं. हातात येतो तो भुसा. एका नातलगांच्या सोसायटीत तो थेट कुंड्यांत घातला, पाणी लागताच तो पुन्हा कुजायला लागला, आणि पंधरा दिवसांत तुळशीसकट सगळं पिवळं. खताला वेळ लागतो. ते मुठीत दाबलं की गोळा व्हावा, बोटानं टोचला की फुटावा, आणि वास पहिल्या पावसाचा यावा.

उन्हाचाही हिशेब आम्ही उशिरा शिकलो. फळभाजीला सहा तास ऊन हवं, पालेभाजीला तीन-चार पुरतं, हे कुठल्याही चोपडीत असतं. आमचं ग्रिल उत्तरेचं. हिवाळाभर तिथे सूर्य फिरकत नाही. पण मुंबई एकोणीस अक्षांशावर, त्यामुळे मेच्या मध्यात सूर्य डोक्यावर येतो, सावली पायाखाली जाते, आणि तिथून जुलैअखेरीपर्यंत दुपारचा सूर्य चक्क उत्तरेला असतो. म्हणजे आमच्या ग्रिलला ऊन मिळायचं ते नेमकं ढगांच्या दिवसांत! त्या चिपाडांतल्या वांग्यांनी चार महिन्यांत अकरा वांगी दिली आणि वर पिठ्या ढेकूण. सासूबाईंनी वांगी उपटायला लावून तिथे मायाळू, अळू, पुदिना लावला. तो आजतागायत हलत नाही.

दुधी मात्र गच्चीवर गेला, सात-आठ कुटुंबांच्या पिंपांसोबत. वेल माजला, फुलं आली, बोटाएवढे दुधी धरले आणि पिवळे पडून गळले. औषध फवारा, खत घाला, असे सल्ले ग्रुपवर आले. सासूबाई म्हणाल्या, माशी कुठाय? दुधीचं पांढरं फूल संध्याकाळी उमलतं, त्यावर येणारे पतंग इतक्या उंचावर पोचत नसावेत. मग आठवडाभर सातची मालिका सोडून त्या गुडघे धरत वर येत. नर फूल खुडायचं, त्याच्या पाकळ्या मागे दुमडायच्या आणि ज्या फुलामागे इवला दुधी दिसतो त्याच्या मधोमध ते हलकेच फिरवायचं, कुंकू लावल्यासारखं. सहा फुलांतली चार धरली. त्यातला एक माकडानं नेला. राष्ट्रीय उद्यानाच्या कुशीत राहायचं तर तेवढी पट्टी द्यावीच लागते. माकडापेक्षा कबुतरं वाईट, रोप उपटून तिथेच टाकून जातात. आणि कुंडीखालच्या ताटल्यांत पाणी साठलं की पालिकेचे कीटकनाशकवाले डेंग्यूच्या अळ्या शोधत येतात, त्यांचं बरोबरच असतं.

खरा अडथळा पाचव्या मजल्यावरून आला. छताला ओल आली होती आणि संशय पिंपांवर. वार्षिक सभेत विषय निघाला, आवाज चढले, गच्ची कुणाच्या बापाची इथवर गेलं. आमचे सेक्रेटरी निवृत्त इंजिनिअर, सावंतकाका. ते भांडणात पडले नाहीत. रविवारी सकाळी रद्दीवाल्याचा काटा मागून घेऊन वर आले आणि एकेक पिंप मोजायला लावलं. चिपाड-पाचोळ्याची माती भरलेलं पिंप बावीस किलो. मातीची एक जुनी कुंडी, त्याच्या निम्म्या आकाराची, एकोणतीस. पिंपं भिंतीलगत तुळईच्या रेघेवर, विटांवर, मध्ये हातभर मोकळी जागा सोडून ठेवायची. मातीच्या कुंड्या खाली न्यायच्या. असं त्यांनी इतिवृत्तात आकड्यांसकट लिहिलं. "हे कोरडं वजन," ते म्हणाले. "पावसात पुन्हा मोजू."

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात दार वाजलं. काका छत्री आणि काटा घेऊन उभे. पिंप एकतीसवर गेलं होतं. त्यांनी चष्मा पुसला, वहीत आकडा लिहिला, आणि जाता जाता, मी तोंडानं हो म्हणण्याआधीच, दोन मिरच्या तोडून खिशात टाकल्या.