आयआरसी: कुणा एकाच्या मालकीचा नसलेला कट्टा

फिनलंडमधील औलू विद्यापीठात यार्को ओइकारिनेन यांनी १९८८ मध्ये आयआरसी ही गप्पांची व्यवस्था उभी केली. तिचे नियम खुले असल्याने जुन्या संगणकावरही स्वतःचा सर्व्हर चालवता येतो. ‘जॉइन’ ही आज्ञा आणि # चिन्हासह चॅनेलचे, म्हणजे गप्पांच्या खोलीचे, नाव टाइप केले की गप्पांत शिरायचे. आपण जोडलेले नसताना झालेले बोलणे मात्र सहसा मिळत नाही. म्हणून जुनी मंडळी निरोप साठवणारा, अखंड चालणारा प्रोग्राम स्वतःच बसवतात.

२०१५ मध्ये आलेल्या डिस्कॉर्ड या गप्पांच्या अॅपवर रुळलेल्या अनेक तरुणांना ही खटपट नकोशी वाटते. तिथे जुने संदेश, चित्रे, आवाज सारे आयते मिळते. पण किल्ली ते चालवणाऱ्या कंपनीकडे राहते. सोय जरूर वापरा, मात्र एखादा आयआरसी सर्व्हर स्वतः चालवायलाही शिका.