मुंग्यांसाठी छापलेलं पुस्तक

आजीने चष्मा पुसला, पुस्तिका डोळ्यांजवळ नेली, मग लांब धरली आणि माझ्या हातात परत दिली. "हे काय गं, मुंग्यांना वाचायला छापलंस का?"

आजोबांच्या आठवणींची ती छोटी पुस्तिका. पहिल्यांदा छापली तेव्हा अक्षर मुद्दाम मोठं ठेवलं होतं, १४ पॉइंट, कारण पहिली वाचक आजीच होती. दोन वर्षांनी नातेवाइकांनी आणखी प्रती मागितल्या. मी जुनी फाइल उघडली, एक शब्दही न बदलता पीडीएफ काढली आणि छापायला दिली. हातात आलं ते बारीक अक्षरातलं, बारा पानं कमी असलेलं पुस्तक. त्यात शेवटची नावांची सूची मी हाताने टाइप केली होती, म्हणजे पानांचे आकडे जुनेच. आत्याचा फोन आला, "अगं, माझं नाव पान ५८वर म्हणतेस आणि पुस्तक ५२लाच संपतंय!" सगळ्या नातेवाइकांनी सगळ्यात आधी आपापलं नाव शोधलं होतं, हे वेगळं सांगायला नको.

मी खरंच काही बदललं नव्हतं. म्हणजे, त्या फाइलमध्ये नव्हतं. गडबड दुसरीकडे झाली होती, आणि तुमच्याकडेही ती कधीही होऊ शकते. सोसायटीची स्मरणिका, शाळेचं हस्तलिखित, लग्नपत्रिका, भावाचा प्रबंध असं काहीबाही घरातल्या ज्या एका माणसाकडे 'तुला येतं ना कॉम्प्युटर' म्हणून येतं, ते माणूस तुम्ही असाल तर नक्कीच.

झालं असं. मी पुस्तकं लाटेक नावाच्या मोफत प्रणालीत जुळवते. माझ्या चुलतभावाने, दादाने, त्याचा फिजिक्सचा प्रबंध लिहिताना मला ती शिकवली. (मी इंग्रजीत बीए. कोडिंगशी आमचं वैर. पण हे जमलं.) त्यात मजकूर एका फाइलमध्ये असतो आणि दिसण्याचे नियम दुसऱ्या फाइलमध्ये ठेवता येतात: फॉन्ट कोणता, अक्षर केवढं, समास किती, मथळा कसा. या दुसरीला स्टाइल फाइल म्हणतात. मजकुराच्या सुरुवातीला एका ओळीत तिचं नाव लिहायचं, की ते सगळे नियम लागू. साहजिकच मी एकच स्टाइल फाइल केली आणि आजोबांची पुस्तिका, स्मरणिका, दादाचा प्रबंध या सगळ्यांना तीच जोडली. मग कधीतरी प्रबंधासाठी तिच्यातलं अक्षर लहान केलं. प्रबंध छान दिसला. दोन वर्षं गप्प बसलेल्या पुस्तिकेनेही पुढच्या वेळी तोच नवा नियम मुकाट्याने पाळला.

नियम एकाच जागी ठेवणं चूक होतं का? मला काही दिवस तसंच वाटत होतं. मग मराठी छपाईच्या सुरुवातीच्या काळाबद्दल वाचताना कोलकात्याची एक गोष्ट हाती लागली आणि माझं मत बदललं.

लॉर्ड वेलस्लीने १८०० साली कंपनीच्या तरुण अधिकाऱ्यांना इथल्या भाषा शिकवायला फोर्ट विल्यम कॉलेज काढलं. नाव किल्ल्याचं, पण कॉलेज भरायचं रायटर्स बिल्डिंगमध्ये. विल्यम कॅरी तिथे १८०१पासून बंगाली आणि संस्कृत शिकवू लागला, पुढे मराठीही. त्याच्या मदतीला वैजनाथ हे मराठी पंडित होते. भाषा शिकवायची तर पुस्तकं हवीत, आणि ती छापली जायची हुगळीच्या काठाने वर गेल्यावर लागणाऱ्या श्रीरामपूरला. आपल्या नगरचं श्रीरामपूर नव्हे. हे तेव्हा डॅनिश लोकांच्या ताब्यात होतं आणि तिथे मिशनचा छापखाना होता.

त्या काळी अक्षर बनवायचं म्हणजे काय, हे जरा सावकाश बघू. पोलादाच्या कांडीच्या टोकावर कारागीर एक अक्षर उलटं कोरायचा. हा ठसा. तो कडक करून तांब्याच्या तुकड्यावर ठोकला की तांब्यात अक्षराचा खळगा उमटायचा. ही मातृका, म्हणजे साचा. साच्यात शिशाचा वितळलेला मिश्रधातू ओतला की एक खिळा तयार. असे हजारो खिळे खणांमध्ये भरून ठेवायचे आणि जुळाऱ्याने एकेक उचलून ओळ जुळवायची. खिळे वापरून झिजायचे. मग ते वितळवून पुन्हा ओतायचे. ठसा मात्र तोच राहायचा.

श्रीरामपूरचे ठसे कोरले पंचानन कर्मकार यांनी. चार्ल्स विल्किन्सबरोबर काम करून, १७७८ साली हुगळीत छापलेल्या हॅल्हेडच्या बंगाली व्याकरणाची अक्षरं घडवण्यातही त्यांचा हात होता. त्यांच्यानंतर त्यांचे जावई मनोहर यांनी हे काम चालवलं. देवनागरीला जोडाक्षरं आणि मात्रा धरून शेकडो वेगवेगळे खिळे लागतात. एवढी मेहनत प्रत्येक पुस्तकासाठी नव्याने कोण करेल? म्हणून एकदा कोरलेली नागरी अनेक पुस्तकांत फिरली. कॅरीचं मराठी व्याकरण १८०५ साली आलं, तेव्हा त्यातले मराठी शब्द नागरीतच छापले गेले. तेव्हाचा मराठी माणूस हिशेब आणि पत्रं मोडीत लिहायचा. त्यासाठी मोडीचे वेगळे ठसे पाडले गेले आणि १८१०च्या मराठी शब्दकोशात मराठी शब्द मोडीत आले.

मग ११ मार्च १८१२ची संध्याकाळ. छापखान्याला आग लागली. कागद, हस्तलिखितं, कितीतरी भाषांचे खिळे गेले. छपाईची यंत्रं दुसरीकडे होती म्हणून वाचली. राख उपसताना मात्र पोलादी ठसे आणि साचे शाबूत सापडले. वितळून गोळा झालेल्या धातूतूनच पुन्हा खिळे ओतायला सुरुवात झाली आणि काही महिन्यांत छापखाना पुन्हा उभा राहिला. ठसे प्रत्येक पुस्तकासोबत इकडेतिकडे पांगलेले असते तर काय झालं असतं, याचा विचार करून बघा.

म्हणजे एक जागा हवीच. माझी चूक वेगळीच होती. श्रीरामपूरला छापून झालेलं पुस्तक नंतर कुणी नवा ठसा कोरला म्हणून बदलत नव्हतं. ते कागदावर पक्कं झालेलं असायचं. आपल्या फाइली तशा पक्क्या होत नाहीत. दर वेळी पीडीएफ काढताना लाटेक स्टाइल फाइल नव्याने शोधून वाचतं. ते पक्केपण आपणच द्यायला लागतं.

आता माझी मांडणी अशी आहे. चालू कामांसाठी स्टाइल फाइल एकच, आणि ती कुठल्याही पुस्तकाच्या फोल्डरमध्ये नाही. लाटेक घरच्या फोल्डरात 'टेक्सएमएफ' नावाची जागा आपोआप धुंडाळतं. मॅकवर ती 'लायब्ररी'च्या आत असते. त्यात 'टेक्स', त्यात 'लाटेक', आणि त्यात माझी फाइल. तिथे ठेवलेली फाइल प्रत्येक कामाला नुसत्या नावाने सापडते. पुस्तक छापायला गेलं की त्याच दिवशी मी त्या फाइलची एक प्रत पुस्तकाच्या फोल्डरमध्ये टाकते. लाटेक आधी कामाच्या फोल्डरमध्येच बघतं, तिथे नाही मिळालं तरच बाहेर. त्यामुळे छापलेलं पुस्तक आपल्या जुन्या प्रतीवर चालतं आणि बाहेर मी काहीही बदललं तरी त्याला धक्का लागत नाही. फॉन्टची फाइलही शेजारीच ठेवते, कारण फॉन्टच्याही नव्या आवृत्त्या येतात.

हाच गुण उलटही फिरतो. चालू कामाच्या फोल्डरमध्ये चुकून जुनी प्रत राहिली, तर तुम्ही मुख्य फाइलमध्ये बदल करत राहता आणि कागदावर काहीच दिसत नाही. माझी एक अख्खी दुपार यात गेली आहे. अशा वेळी 'केपीएसई-व्हिच' ही आज्ञा फाइलचं नाव घालून त्याच फोल्डरमधून चालवा. नेमकी कुठली प्रत वाचली जातेय ते ती सांगते.

वर्ड वापरणाऱ्यांची गोष्ट वेगळी. तिथे टेम्प्लेटमधल्या स्टाइल नव्या डॉक्युमेंटमध्ये कॉपी होतात. नंतर टेम्प्लेट बदललं तरी जुनं डॉक्युमेंट तसंच राहतं. 'स्टाइल आपोआप अपडेट करा' या चौकटीवर टिक केली असेल तर मात्र माझ्यासारखी वेळ येऊ शकते. ती टिक बघून घ्या.

एका फाइलमध्ये काय घालायचं आणि काय नाही, यावर दादाचं आणि माझं अजून पटत नाही. त्याला सगळं एकत्र हवं. माझं म्हणणं, अक्षराचा आकार पुस्तकाकडेच असावा, कारण तो वाचणाऱ्याच्या डोळ्यांवर ठरतो. भाषेचे नियम मात्र नक्की एकत्र. मराठी 'ल' आणि 'श' यांचं वळण हिंदीपेक्षा वेगळं, आणि महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९च्या निर्णयाने मराठी वर्णमालेची प्रमाण रूपं ठरवून दिली होती. काही फॉन्टमध्ये दोन्ही वळणं असतात. स्टाइल फाइलमध्ये फॉन्टपुढे 'भाषा मराठी' एवढं सांगितलं की योग्य वळण येतं. एका ठिकाणी सांगायचं आणि सगळ्या पुस्तकांत मिळवायचं, ते हेच. जाता जाता 'दर्या' आणि 'दऱ्या' हे दोन शब्दही छापून बघा. एक समुद्र, एक डोंगरांमधल्या खोल घळी. फॉन्टने दोन्ही सारखेच दाखवले तर फॉन्ट बदला.

आजोबांची पुस्तिका गेल्या महिन्यात तिसऱ्यांदा छापली. अक्षर १४ पॉइंट. सूचीचे आकडे आता लाटेकच घालतं. आजीने पुस्तिका हातात घेतली, थेट शेवटचं पान उघडलं, सूचीत स्वतःचं नाव शोधलं आणि पान ९ काढून बघितलं. तिथे ती होती.