मद्यगृहांतील धूर कोणीं गिळावा?

मद्यगृहांत धूम्रपानास पूर्ण बंदी असावी कीं नसावी, हा प्रश्न आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांस परका वाटेल. ज्या घरांत मद्याचें नांवहि निघत नाहीं, त्या घरानें तेथील धुराची चिंता कां करावी? परंतु अमरावती-अकोल्याकडे 'परमिट रूम'ची पाटी आतां नवलाची राहिली नाहीं. आणि तेथें रात्रीं उशिरापर्यंत टेबलें पुसणारा पोरगा पोटासाठींच उभा असतो. तो स्वतः विडीस शिवत नसला तरी दुसऱ्यांनीं सोडलेला धूर त्याच्या उरांत जातोच. हा प्रश्न मुख्यतः त्याचा आहे.

प्रथम कायदा पाहूं. मुंबईचे मुरली देवरा यांच्या अर्जावर सर्वोच्च न्यायालयानें २ नोव्हेंबर २००१ रोजीं सभागृहें, रुग्णालयें, विद्यालयें, ग्रंथालयें, आगगाड्या इत्यादि ठिकाणीं धूम्रपानास मनाई केली. पुढें २००३ सालीं केंद्राचा कायदा झाला, आणि २ ऑक्टोबर २००८ पासून नवे नियम अमलांत आले. उपाहारगृहें व मद्यगृहेंहि त्यांच्या कक्षेंत आलीं. नियम मोडणाऱ्यास २०० रुपयांपर्यंत दंड सांगितला. मात्र ३० खोल्यांचें हॉटेल, ३० अथवा अधिक आसनांचें उपाहारगृह आणि विमानतळ यांस धूम्रपानाचें निराळें दालन ठेवण्याची सवलत राहिली. त्या दालनास चारी बाजूंनीं पूर्ण उंचीच्या भिंती, आपोआप मिटणारें दार आणि धूर थेट बाहेर टाकणारी योजना हवी, असा नियम आहे.

वादाचें मूळ या सवलतींत आहे. तिचे कैवारी म्हणतात, "मद्यगृहांत येणारा मनुष्य प्रौढ असतो, स्वतःचें हिताहित त्यास कळतें." हें मान्य केलें तरी त्याचा अधिकार त्याच्या स्वतःच्या फुप्फुसापुरताच आहे. दार उघडलें कीं धूर बाहेर येतो. आणि गिऱ्हाईक गेल्यावर राखेचीं भांडीं रिकामीं करण्यास व दालन झाडण्यास कोणीतरी आंत जातोच. त्याची संमति कोणीं घेतली? चाकरीची गरज ही संमति नव्हे.

परक्या धुराचा अपाय काल्पनिक नाहीं. जपानचे डॉ. हिरायामा यांनीं स्वतः धूम्रपान न करणाऱ्या ९१,५४० विवाहित स्त्रियांची १४ वर्षें पाहणी केली. ज्यांचे पति अतिशय धूम्रपान करीत, त्यांच्यांत फुप्फुसाच्या कर्करोगाचें प्रमाण अधिक आढळलें. हा निष्कर्ष १९८१ सालीं प्रसिद्ध झाला. सुशिक्षित कुटुंबांनीं येथें क्षणभर थांबावें. मद्यगृह दूर असेल, पण दिवाणखाना दूर नाहीं.

कोणी म्हणेल, धूम्रपान तर आयुर्वेदांतहि आहे. होय, चरकसंहितेच्या सूत्रस्थानांत पांचव्या अध्यायांत धूमपानाचा विधि आहे. पण तो चंदन, वेलची, वाळा अशा द्रव्यांच्या वर्तीचा असून त्याचे काळहि नेमून दिले आहेत. तमाखू या देशांत आली ती पोर्तुगीजांच्या आगमनानंतर. चरकाच्या नांवावर सिगारेट खपविणें हा शास्त्राचा विपर्यास होय.

धंदा बुडेल, ही भीतीहि नवी नाहीं. आयर्लंडनें २९ मार्च २००४ पासून आपल्या मद्यगृहांसह सर्व बंदिस्त कामाच्या जागीं धूम्रपान बंद केलें. तेव्हां तेथील मालकांनीं हीच ओरड केली होती. पुढें इंग्लंडनेंहि १ जुलै २००७ रोजीं तोच मार्ग धरला. आयर्लंडच्या कायद्याचें मर्म हें कीं, त्यानें गिऱ्हाइकाच्या चैनीपेक्षां कामगाराच्या श्वासास अधिक मान दिला.

आमच्या मतें ३० आसनांची ही सवलत काढून टाकावी. ज्यास ओढावयाचें त्यानें उघड्यावर, दारापासून व इतरांपासून दूर जावें; त्यास तितकी तोशीस पडली तर बिघडत नाहीं. आणि आपण सहकुटुंब एखाद्या मोठ्या हॉटेलांत जेवावयास गेलों असतां धुराचा वास आला, तर तक्रार करण्यास संकोचूं नये. गिऱ्हाइकाचें एक वाक्य मालक ऐकतो. वाढणाऱ्या पोऱ्यास तें उच्चारण्याची सोय नसते. म्हणून तें आपणच उच्चारावें.